होल्डवर ठेवलेलं गाणं

परवा ऑफिसातून परतताना पाहिलं, तर वरच्या गल्लीतल्या द्राक्षमळेवाल्यांच्या फाटकावर झाडू टांगलेला. दांड्याला लाल-पिवळ्या फिती बांधलेल्या. जर्मनीतल्या आमच्या या नेकारसुल्ममध्ये याचा अर्थ एकच, वाइन तयार आहे, आत या आणि बसा. मळेवाल्यांना वर्षातले काही आठवडे स्वतःच्या घरी असं लोकांना खाऊपिऊ घालता येतं. मग ट्रॅक्टरच्या शेडमध्ये लांब बाकडी मांडली जातात, घरच्या बायका कांद्याचा जाडजूड केक भाजतात आणि अर्धवट आंबलेली, गढूळ, गोडसर नवी वाइन जगांमधून फिरते. या प्रकाराला ‘बेझन’ म्हणतात, म्हणजे सरळ झाडूच. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा त्या दारातच थबकल्या. “अगं, लक्ष्मीला असं उलटं टांगतं का कुणी?” म्हणाल्या. मग आत गेल्या, केकमध्ये मांसबिंस नाही ना हे मला तीनदा विचारायला लावलं, दोन तुकडे खाल्ले आणि लक्ष्मीबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत.

या दिवसांत त्या गल्लीत एक वास भरलेला असतो. आंबणाऱ्या रसाचा. थोडा काकवीसारखा, थोडा चिंचेच्या कोळासारखा. हा वास आला की मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. त्या हंगामात मी एका भल्या माणसाचं फार मोठं नुकसान करून बसले होते, आणि तेही मदत करायच्या हौसेपायी.

त्या माणसाचं नाव एल्डन. आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. अमेरिकन आहे. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, उंच, जरा वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम गिटारची एक प्लास्टिकची नखी. आमची ओळख झाली ती झाडूवरूनच. आम्ही नवे नवे राहायला आलो होतो आणि दाराला एक पाटी लटकलेली दिसली, ‘केअरवोखे’. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. समीरला, माझ्या नवऱ्याला, ती कसलीतरी जाहिरात वाटली. त्याने ती काढून इमानदारीत कागदाच्या कचऱ्यात टाकली. एल्डनने ती तिथून उचलली, पुसली, आमचा जिना स्वतः झाडून काढला आणि वर येऊन पाटी माझ्या हातात देत म्हणाला, “मीही पहिल्या वर्षी फेकली होती. माझ्या सासूने मला अजून माफ केलेलं नाही, आणि ती जाऊन तीस वर्षं झाली.”

ऐन तरुणपणी तो अमेरिकन सैन्याच्या बँडमधून इथे आला. तेव्हा शेजारी हाइलब्रॉनला त्यांची छावणी होती. तिथल्या एका बेकरीत हानेलोरे नावाची मुलगी काउंटरवर उभी असायची. नोकरी संपल्यावर तो तिला घेऊन अमेरिकेत नॅशव्हिलला गेला, गाणी लिहायला. चौदा वर्षं लिहिली. मग तिची आई आजारी पडली म्हणून दोघं इकडे आले ते आलेच. मी ज्या हंगामाबद्दल सांगतेय त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हानेलोरे गेली. मी तिला ओळखायची ती जिन्यातल्या “हालो”पुरती. ती एकदा माझ्या लेकीच्या, ईराच्या, टोपीची सुटलेली कड जिन्यातच बसून नीट करून देत होती, एवढंच मला तिचं डोळ्यांसमोर येतं.

गाणी लिहिणं ही नोकरीसारखी नोकरी असू शकते हे मला एल्डनमुळे कळलं. आपली समजूत काय, तर गाणं सुचतं. हा सांगायचा, सकाळी दहाला डबा घेऊन जायचं. एका छोट्या खोलीत दोघंजण, दोन गिटारी, एक कॉफीचं भांडं. आदल्या आठवड्यात ठरलेली वेळ. सुचो न सुचो, संध्याकाळपर्यंत गाणं झालं पाहिजे. मग ते स्वतः साधंसं म्हणून टेप करायचं आणि प्रकाशकाकडे द्यायचं. प्रकाशक ते गायकांना ऐकवणार.

“आणि गायकाला आवडलं की झालं?” मी विचारलं. आम्ही बेझनमध्ये बसलो होतो. त्या हंगामात तो शनिवारी दुपारी तिथे गिटार वाजवायचा आणि त्याची नजर अधू झाल्यामुळे त्याला चढावरून नेणं-आणणं माझ्याकडे असायचं.

“आवडलं की होल्ड,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे गायक म्हणणार, हे गाणं माझ्यासाठी राखून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मग तुम्ही थांबायचं. सहा महिने, आठ महिने. बायकोला सांगायचं, होल्ड आहे. वाण्याला सांगायचं, होल्ड आहे. मग एक दिवस त्याची रेकॉर्ड बाजारात येते, तुम्ही दुकानात उभ्याने मागची यादी वाचता, आणि तुमचं गाणं तिथे नसतं.”

“कळवत नाहीत?”

“कळवायला कुणाला वेळ असतो? तो काही वाईट माणूस नसतो गं. त्याच्याकडे पन्नास गाणी असतात आणि जागा दहाची.”

त्याची किती गाणी अशी होल्डवर राहिली ते त्याने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण तो कडवट नव्हता, याचंच मला नवल वाटायचं. नॅशव्हिलच्या मित्रांबद्दल बोलायचा तेव्हा तर चेहरा खुलायचा. एकजण शाळेची बस चालवायचा. त्याने लिहिलेलं एक गाणं त्या बसमधली पोरं ओरडून म्हणायची आणि स्टिअरिंगवर बसलेल्या काकांनी ते लिहिलंय हे एकालाही ठाऊक नव्हतं. एकजण तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यामागे बेस वाजवत गावोगाव फिरला आणि घरी आला तेव्हा त्याच्या कुत्र्याने त्याला ओळखलं नाही. एक बाई होती, एल्डनच्या मते त्या सगळ्यांत हुशार. तिने दहा वर्षांनी कंटाळून दाताच्या डॉक्टरकडे नोकरी धरली. पेशंट खुर्चीत घाबरून बसले की ती बाहेरून गुणगुणायची, आणि ते स्वतःचंच असायचं. आपण पोस्टरवरचे दोन-चार चेहरे बघतो आणि त्याला अमेरिकन संगीत म्हणतो. त्या चेहऱ्यांच्या मागे अशी किती माणसं सकाळी दहाला डबा घेऊन कामाला गेली असतील! मला त्यांच्याबद्दल फार माया वाटायला लागली होती, खरंच सांगते. वर्षानुवर्षं बनवायचं आणि ते गाडीत बसेल की नाही हे वरचे कुणीतरी ठरवणार, यातलं दुःख मला नवीन नव्हतं.

कारण माझं कामही तसंच. मी मूळची निगडीची, मेकॅनिकल इंजिनिअर, आणि इथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत आवाज घालवायचं काम करते. खरंच. खडखड, कुरकुर, घरघर शोधायची, ती कुठून येते ते काढायचं आणि बंद करायची. लोकांना वाटतं, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता तुम्हाला काय काम? उलट झालंय. इंजिनाचा आवाज गेला आणि त्याच्याखाली दबलेले बाकीचे सगळे आवाज कानावर यायला लागले. पण त्या हंगामात ऑर्डरीच कमी होत्या. आमच्या विभागाला ‘कुर्त्सआर्बाइट’ लागलं होतं, म्हणजे काम कमी, पगार कमी, शुक्रवारी घरी बसा. पुढे काय ते कुणी सांगेना. मी एल्डनला म्हटलं, “मीसुद्धा होल्डवरच आहे.” तो इतका हसला की त्याच्या ग्लासातली वाइन सांडली.

तर त्या सप्टेंबरात एल्डनला नॅशव्हिलहून मेल आली. एका तरुण गायिकेला जुन्या प्रकाशकाच्या यादीत त्याच्या एका गाण्याचं नाव दिसलं होतं. नावच तिला आवडलं. टेप मिळेल का, कशीही चालेल, पण महिनाअखेरपर्यंत, असं तिने विचारलं होतं. एल्डनने मेल मला वाचायला दिली. पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं.

ते गाणं असं आहे. एक माणूस घर सोडून चाललाय. भांडण नाही, तंटा नाही, जायचं ठरलंय. फक्त त्याचे कपडे अंगणात दोरीवर वाळत पडलेत, ते वाळले की भरायचे आणि निघायचं. आणि त्याची बायको दर तासाने परसदाराने जाते आणि त्या कपड्यांवर हळूच पाणी शिंपडते. बस, एवढंच. तिसऱ्या कडव्यात त्याला ते दिसतं आणि तो काहीच बोलत नाही, खुर्ची घेऊन अंगणात बसतो. मला एल्डनने नुसतं बोलून सांगितलं तरी माझे डोळे भरून आले. म्हटलं, “तू गाऊन दाखव ना.” तो म्हणाला, “हे आता मी गात नाही.”

“तिचं गाणं आहे?”

“कल्पना तिचीच. पाणी शिंपडायची. तिची आजी म्हणे खरंच असं करायची, आजोबा कामावर परगावी निघाले की. मी फक्त ते इंग्रजीत आणलं. कागदावर गीतकाराच्या रकान्यात तिचं नाव घालू म्हटलं, तर म्हणाली, मला कुठे काय येतं, राहू दे. आणि मी राहू दिलं.” मग म्हणाला, “चौदा वर्षांच्या माझ्या कामात तिचं नाव एकाही कागदावर नाही, इंजिनिअर. एकाही नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने ती कॅसेट माझ्या हातात दिली. त्यांच्या नॅशव्हिलच्या स्वयंपाकघरात टेप केलेली. त्या गाण्याची दुनियेत तेवढी एकच. बाकी सगळं एका ओल्या तळघरात बुरशी लागून गेलं होतं. “कॉम्प्युटरवर उतरवून दे,” तो म्हणाला. “आहे तशी.”

आहे तशी! हे दोन शब्द मला ऐकू आले नाहीत असं नाही. पण आपल्याकडे कुणी काम सांगितलं की सांगितलं तेवढंच करून देणं हा कमीपणा वाटतो. शेजारणीने वाटी दिली तर रिकामी परत करत नाही आपण. मला वाटलं, बिचाऱ्याला इतक्या वर्षांनी कुणी विचारतंय, तर असं चकाचक करून देऊ की नॅशव्हिलवाले बघतच राहतील.

शुक्रवारी घरीच होते. बाजारातून आणलेला जुना कॅसेट डेक टेबलावर मांडला, कॉम्प्युटरला जोडला. सासूबाई त्या वेळी तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या खिडकीशी लोकर घेऊन बसलेल्या, ईरासाठी स्वेटर चालला होता. गाणं सुरू झालं. एल्डनचा तरुण आवाज, काय गोड होता! गिटार. आणि त्याच्याबरोबर सतत एक टिकटिक, मधूनच खुर्चीची कुरकुर, एक लांब उसासा, खाली टेपची खरखर.

सासूबाई हातातलं काम थांबवून म्हणाल्या, “अगं, कुणीतरी विणतंय.”

“अहो आई, टेप जुनी आहे. तिचा आवाज तो.”

“नाही गं. सुया आहेत त्या. धातूच्या.”

“ओमाला माहीत असतं,” ईरा आजीची बाजू घेत जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

“तू अभ्यास कर,” मी म्हणाले. पंधरा वर्षं मी आवाजांचं काम करते, आणि मला कोण शिकवतंय, तर सासू आणि सातवीतली पोरगी! आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

गाणं उतरवून झालं. टेप मागे फिरवायला घेतली आणि डेकने ती खाल्ली. लहानपणी आपण पेन्सिल घालून फिरवायचो तशी फिरवून पाहिली, पण फीत चुरगळून दोन ठिकाणी तुटली होती. मला घाम फुटला. मग स्वतःला समजावलं, अगं, उतरवून घेतलंय ना, मग काय. आणि बसले साफ करायला. खरखर काढली. कुरकुर काढली. टिकटिक एकेक करून काढली. तीन तास लागले. गाणं असं झालं, जणू काल स्टुडिओत म्हटलंय. मी खूश होऊन सेव्हचं बटण दाबलं आणि ते मूळ फाइलवरच सेव्ह झालं. ऑफिसात असं मी कधीही करणार नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हे मी नवीन लोकांना दरडावून सांगते. घरी म्हटलं, पसारा कशाला ठेवायचा?

शनिवारी सकाळी खाली गेले. एल्डनने नवा शर्ट घातला होता. कांद्याचा केक कापून ठेवला होता. मी लॅपटॉप उघडला, त्याला हेडफोन दिले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरीसारखी.

पहिलं कडवं झालं. त्याने हेडफोन दाबून धरले. दुसऱ्या कडव्यात त्याने डोळे उघडले. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “ती कुठे आहे?”

“कोण?”

“हानेलोरे. ती समोर बसलेली होती. आमच्याकडे ताल धरायला मेट्रोनोम नव्हता. मी गाणं म्हणताना पुढे पळतो, मग ती समोर बसून विणायची आणि मी तिच्या सुयांवर गायचो. सगळी गाणी अशीच केली आम्ही. यात आहे ती. होती.” मग हळू आवाजात, “कॅसेट कुठे आहे?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. उठून त्याने कांद्याचा केक झाकून ठेवला, माझ्यासाठी दार उघडलं आणि म्हणाला, “तू चांगल्यासाठीच केलंस. मला माहिताय.” त्या दिवशी त्याला बेझनला न्यायला गेले, तर दार उघडलं नाही.

घरी येऊन मी रडले. समीर म्हणाला, अगं, म्हाताऱ्या माणसाचं काय, विसरेल. त्याला मी असं काही बोलले की तो दुसऱ्या खोलीत गेला. सासूबाई मात्र “मी म्हटलं होतं” असं एका शब्दानेही म्हणाल्या नाहीत. चहा आणून ठेवला. मग शेजारी बसून म्हणाल्या, “तुझे सासरे गेल्यावर मी त्यांचा चष्मा सहा महिने पुसला नाही. त्यांची बोटं उमटलेली होती त्यावर. कामवालीने एक दिवस पुसून लख्ख केला बिचारीने. तिला काय माहीत?”

“अहो आई, पण मला सांगितलं होतं त्याने. आहे तशी दे म्हणून. तुम्हीपण सांगितलं होतंत.”

“हो,” त्या म्हणाल्या. “ते खरं आहे.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी ते तुटलेले तुकडे जोडायला बसले. जमेना. फितीवरचा थर माझ्या बोटांना लागून येत होता. ईरा शेजारी येऊन उभी राहिली, म्हणाली, “आल्झो, ममा, म्हणजे तू तो आवाज काढलास. मग तो गेला कुठे?” मी चिडून म्हणणार होते की आवाज कुठे जातो का, आणि हात थांबला.

आमच्या कामात एक शिस्त असते. आवाज साफ करताना जे काढलं ते वेगळं ऐकून बघायचं, त्यात गाडीचा कामाचा आवाज तर निघून गेला नाही ना हे तपासायला. मी सवयीने तेही केलं होतं. काढलेला सगळा कचरा वेगळ्या फाइलमध्ये उतरवून पहिले दहा सेकंद ऐकला होता. त्यात एल्डनचा आवाज नाही, गिटार नाही, म्हणून समाधानाने हेडफोन काढले होते. म्हणजे मी ऐकली होती हानेलोरे. ऐकून, ठीक आहे म्हणाले होते.

फाइल तिथेच होती. मी पूर्ण ऐकली. सासूबाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, “एक उलट, एक सुलट. बाई घाई करत नाही अजिबात.”

नॅशव्हिलचं काय झालं ते आधी इथेच सांगून टाकते. एल्डनने त्यांना साफ केलेलंच गाणं पाठवलं. तिकडे असंच द्यायचं असतं, म्हणाला, त्यांना काम पाठवायचंय, घर नाही. मात्र मेलबरोबरच्या कागदावर गीतकाराच्या रकान्यात दोन नावं लिहिली, हानेलोरेचं आधी. त्या गायिकेला गाणं फार आवडलं. तिने ते होल्डवर ठेवलंय. दोन वर्षं झाली. मध्यंतरी तिची रेकॉर्ड आली तेव्हा मीच घाईघाईने यादी वाचली आणि तोंड पाडून खाली गेले, तर एल्डन मलाच समजावत बसला. बस चालवणाऱ्या मित्राच्या गाण्याला अकरा वर्षं लागली होती, म्हणाला. माझंही कुर्त्सआर्बाइट संपलं, विभाग निम्मा झाला, मी अजून आहे. किती दिवस, माहीत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. दुपारचे तीन वाजले असतील. रविवारी दुपारी आमच्या इमारतीत चिडीचूप असतं, इथे तो नियमच आहे. मी त्याच्या दारावर हळूच टकटक केली. त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

“गाणं नाहीये यात,” मी म्हटलं. “गाणं सोडून बाकी सगळं आहे. हे आणि ते एकत्र केलं की होतं तसं होईल, मी करून देते. पण आधी हे ऐक.”

हेडफोन नको म्हणाला. मी स्पीकरवर लावलं.

आधी नुसती खरखर. मग सुया. टिक, टिक, टिक. खुर्ची कुरकुरली. कुठेतरी पाण्याचं भांडं आधणाला लागलेलं. एका ठिकाणी सुया थांबल्या, तिने टाका मोजला असेल किंवा त्याच्याकडे बघितलं असेल, आणि पुन्हा सुरू झाल्या. नाकाने घेतलेला एक श्वास. गाणं जिथे असायला हवं होतं तिथे काही नव्हतं, आणि समोर ती बाई विणत बसली होती.

एल्डन खुर्चीत बसून राहिला. गालावरून पाणी ओघळत होतं ते त्याने पुसलं नाही. मला काय करावं कळेना, म्हणून मी बोटं एकमेकांत घट्ट धरून बसले. “मला माफ कर,” म्हटलं. त्याने मान हलवली, म्हणजे हो म्हणाला की नाही म्हणाला, मला कळलं नाही.

फाइल संपली. तो उठला, कपाटामागून गिटार काढली. तारा उतरल्या होत्या, त्या नीट चढवल्या. खिशातली नखी काढली. मला खूण केली, लाव.

मी लावलं. सुया सुरू झाल्या आणि चार टाक्यांनंतर तो गायला लागला. आवाज फाटलेला, वरच्या सुरात तर पार तुटत होता. अंगण आलं, दोरी आली, ओले कपडे आले. दुसऱ्या कडव्याला त्याच्या आवाजात जोर चढला, हात भरभर चालायला लागला, आणि बघता बघता गाणं एकीकडे आणि सुया एकीकडे झाल्या. तो थांबला. सुया थांबल्या नाहीत, त्या आपल्या चालतच राहिल्या. त्याने गिटारवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि खळखळून हसला.

“बघितलंस? पळालो मी पुढे,” तो म्हणाला. “आणि ती काही माझ्यासाठी हात भरभर चालवायची नाही. पहिल्यापासून लाव.”

मी पहिल्यापासून लावलं.